जबडेवाल्या पतंगांचा पत्ता

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातली दोन पानं चुकीची होती, आणि ते लक्षात यायला सात महिने गेले. चूक नावाची होती. थॉमस चॅपमन या ब्रिटिश डॉक्टरचे 1893 आणि 1894 सालचे निबंध वाचून मी टिपणं काढली होती: ‘मायक्रोप्टेरिक्स’ची अळी बर्चच्या पानाच्या आत, वरच्या आणि खालच्या पापुद्र्याच्या मधली जागा पोखरत जाते, तिला पाय नसतात, वगैरे. मग याच चॅपमनचा वीस-बावीस वर्षांनंतरचा निबंध घेतला. त्यातही मायक्रोप्टेरिक्स. मी दोन्ही टिपणं एकापुढे एक लावली, मधे ‘पुढे चॅपमन असे दाखवतो की’ एवढं घातलं आणि परिच्छेद तयार झाला. मॅडमनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: ‘हे कोण?’

ते दोन वेगळे कीटक होते. नाव मात्र एकच. आधीच्या मायक्रोप्टेरिक्सला आज एरिओक्रेनिया म्हणतात, आणि नंतरचा जो मायक्रोप्टेरिक्स आहे तो 1894 मध्ये एरिओसेफाला या नावाने वावरत होता. मी एकाची अळी दुसऱ्याच्या पदरात घातली होती.

ज्यांना माझा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी कीटकांच्या वर्गीकरणाच्या इतिहासावर काम करते. म्हणजे कोणता कीटक कुठल्या गटात, हे शोधून काढणं माझं काम नाही. तो त्या गटात आहे असं कोणी, कधी आणि कशाच्या जोरावर ठरवलं, हे शोधणं माझं काम. दुसरं प्रकरण मायक्रोप्टेरिजिडी नावाच्या एका छोट्या कुळावर आहे. फुलपाखरं आणि पतंग मिळून जो खवलेपंखी कीटकांचा गण होतो, लेपिडोप्टेरा, त्यात 2011 सालच्या एका मोठ्या मोजदादीनुसार 1,57,424 जातींना नावं दिली गेली होती. त्यातल्या या कुळाच्या जाती किती? 160. हजारात एक. पण या हजारात एकाने जवळजवळ शंभर वर्षं कीटकशास्त्रज्ञांना आपला पत्ता लागू दिला नाही. कधी ते पतंग होते, कधी नव्हते, कधी दुसऱ्याच गणात राहायला गेले, आणि काही काळ तर त्यांच्यासाठी स्वतंत्र गण बांधून दिला गेला.

आधी प्राणी कसा आहे ते बघू. युरोपात ओलसर कुरणांत मे-जूनच्या सुमाराला पिवळ्या फुलांवर हे पतंग घोळक्याने बसलेले दिसतात. पंख पसरले तरी एक सेंटिमीटरच्या आतबाहेर. रंग कांस्याचा, उन्हात सोनेरी-जांभळी झाक. लिनिअसने 1761 मध्ये त्यातल्या एका जातीला नाव दिलं तेव्हा ती ज्या फुलावर सापडते त्या कॅल्था या दलदलीतल्या फुलावरूनच दिलं, कॅल्थेला. पुढची शंभरेक वर्षं हे पतंग बाकीच्या बारीकसारीक पतंगांच्या गर्दीत पडून राहिले. इतक्या लहान जिवाच्या तोंडात डोकावून बघणार कोण?

तोंडातच तर गंमत होती. फुलपाखरं आणि पतंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड येते. या पतंगांना सोंड नाही. त्यांना जबडे आहेत, चालते जबडे, आणि फुलावर बसून ते मध पीत नाहीत तर पराग चावून, भरडून खातात. जर्मन अभ्यासक आल्फ्रेड वॉल्टर याने 1885 मध्ये पतंगांच्या मुखांगांवर मोठा निबंध लिहिला, त्यात हे जबडे नीट मांडले. त्यानंतर या कुळाकडे दुर्लक्ष करणं शक्य राहिलं नाही.

आता नावाच्या घोटाळ्याकडे येते, कारण तो सोडवल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. जर्मनीतल्या ह्युब्नरने 1825 मध्ये मायक्रोप्टेरिक्स ही प्रजाती स्थापली. ग्रीक शब्द नीट लिहायचा तर त्यात ‘वाय’ हवा होता. ह्युब्नरने ‘आय’ लिहिला. नंतरच्या विद्वानांनी ते सुधारून ‘वाय’ केलं. पण नामकरणाचा नियम असा की पहिल्यांदा जसं छापलं तसंच चालवायचं, म्हणून आज पुन्हा ‘आय’च योग्य. थोडक्यात, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक कायदेशीर झाली. (देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे मराठीत लिहिताना माझी एक डोकेदुखी वाचते आणि एक वाढते.) खरा घोळ त्या पुढचा. पानं पोखरणाऱ्या अळ्यांचे छोटे, चकचकीत पतंग आणि हे जबडेवाले पतंग वरवर इतके सारखे दिसतात की ते एकाच पेटीत ठेवले जायचे. मग त्यांना वेगळं करायची वेळ आली तेव्हा अनेकांनी मायक्रोप्टेरिक्स हे नाव पानं पोखरणाऱ्यांकडे ठेवलं आणि जबडेवाल्यांना एरिओसेफाला म्हटलं. पुढे मूळ नाव खऱ्या मालकाकडे परत गेलं. एकाच माणसाच्या लेखनात, एकाच आयुष्यात, शब्दाचा अर्थ उलटा झाला. आणि तो माणूस म्हणजे चॅपमन.

चॅपमन हेरफर्डजवळच्या मनोरुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक होता. कीटक हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. पण ‘हौशी’ म्हणून त्याला बाजूला सारण्याची चूक कोणी करू नये. त्याचा एक हट्ट होता: पतंगाचं कूळ ठरवायचं तर फक्त पंख बघून भागणार नाही, अंडं, अळी, कोष सगळं बघायला हवं. 1893 मध्ये त्याने कोषांवर लिहिलं. त्याच सुमाराला त्याने पानं पोखरणाऱ्या पतंगांचे कोष तपासले आणि त्यांना अवाढव्य जबडे असल्याचं दाखवलं. कवच फाडून बाहेर पडायला ते लागतात, आणि बाहेर पडलेल्या पतंगाला मात्र आखूड का होईना, सोंड असते. 1894 च्या निबंधात त्याने कॅल्थेलाच्या बाल्यावस्थेचं वर्णन केलं. पतंगांकडून अंडी घालवून घेतली, अळ्या बाहेर आल्या, त्यांना ओल्या शेवाळावर ठेवलं.

ही अळी त्याने बघितली असेल तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करते. नेहमीच्या सुरवंटाला छातीचे तीन जोड पाय आणि पोटाखाली जास्तीत जास्त पाच जोड मांसल पाय असतात. या मिलिमीटरभर अळीच्या पोटाखाली आठ जोड होते, बारीक, टोकदार. अंगावर ओळीने मांडलेले जाडसर, खवल्यासारखे केस. मिशा, म्हणजे शृंगिका, सुरवंटाच्या मानाने चांगल्या लांब. हे कशासारखंच नव्हतं. एवढं नक्की झालं की पानात राहणारी बिनपायांची अळी आणि ही, दोघी सख्ख्या बहिणी असणं शक्य नाही. चॅपमनने दोन कुळं वेगळी केली. अळी मातीत, गवताच्या बुंध्यापाशी, कुजक्या पाल्यात राहते, हे नंतरच्या लोकांनी हुडकून काढलं. इतकी लहान की जमिनीतून ती शोधणं म्हणजे वाळूत साखर शोधणं.

पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, अमेरिकेतल्या पॅकर्डने सगळ्या लेपिडोप्टेराची दोन भागांत फाळणी केली. एका बाजूला एकटा एरिओसेफाला. दुसऱ्या बाजूला बाकीचे सगळे, म्हणजे रेशमाच्या किड्यापासून आपल्या अंगणातल्या लिंबावरच्या फुलपाखरापर्यंत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फारच एकांगी वाटलं होतं. सव्वाशे वर्षांनी आपण जवळपास तिथेच येऊन पोचलोय, पण पॅकर्डच्या कारणाने नाही, हे लक्षात ठेवा. ते पुढे येईल.

पॅकर्ड तोंडाकडे बघत होता. त्याच वेळी कॉर्नेल विद्यापीठातला जॉन हेन्री कॉमस्टॉक पंखांकडे बघत होता. उडताना पुढचा आणि मागचा पंख एकत्र हलावेत म्हणून त्यांना जोडणारी काहीतरी रचना लागते. बहुतेक पतंगांत मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ राठ केस असतो, तो पुढच्या पंखाच्या कडीत अडकतो. काहींत मात्र पुढच्या पंखाच्या मुळाशी एक छोटी जिभली असते. कॉमस्टॉकने तिला लॅटिनमध्ये जुगुम म्हटलं, म्हणजे जू. इथे थोडं विषयांतर: लॅटिन जुगुम, ग्रीक झ्युगॉन, संस्कृत युग आणि बैलांच्या मानेवरचं आपलं जू, चारही एकाच मुळातले शब्द. तर 1893 मध्ये कॉमस्टॉकने जूवाले आणि केसवाले असे दोन गट केले. जूवाल्या गटात आमचे मुगाच्या दाण्याएवढे जबडेवाले, आणि त्यांच्या शेजारी हेपिअलिडी कुळातले पतंग, ज्यांच्या काही जातींचे पंख पसरले तर वीतभर होतात. वर्गीकरणात कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसेल सांगता येत नाही.

आणि मग पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला तीन वर्षांत तीन निकाल लागले. माझ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला निकाल चॅपमनचा. लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या 1916 च्या खंडात, जो छापून आला 1917 मध्ये, त्याचा निबंध आहे. चॅपमन तेव्हा सत्तरी ओलांडलेला. तो म्हणतो, मायक्रोप्टेरिक्सला (आता नव्या, म्हणजे आजच्या अर्थाने!) स्वतंत्र गणाचा दर्जा द्यायला हवा. त्याने गणाचं नाव ठेवलं झ्युग्लोप्टेरा. पुन्हा तेच जू, या वेळी ग्रीकमधून. म्हणजे त्याच्या मते हे पतंग नव्हतेच. पतंगांच्या शेजारचं वेगळं घर.

दुसरा निकाल कॉमस्टॉकचा, 1918 चा, कीटकांच्या पंखांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात. पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच मांडलेला गट त्याने स्वतःच मोडला. या छोट्यांच्या पंखाच्या मुळाशी जे आहे ते हेपिअलिडींच्या जूसारखं काम करत नाही, कॅडिसफ्लायच्या पंखांशी ते जास्त जुळतं, असं म्हणून त्याने मायक्रोप्टेरिजिडी उचलून कॅडिसफ्लायच्या गणात, ट्रायकोप्टेरात, ठेवले. कॅडिसफ्लाय तुम्ही कदाचित पाहिली नसेल, पण तिची अळी पाहिली असेल: सह्याद्रीतल्या ओढ्यात दगड उलटला की खाली वाळूच्या कणांची किंवा काटक्यांची चिमुकली नळी चिकटलेली असते, तिच्यात ही राहते. मोठी झालेली कॅडिसफ्लाय पतंगासारखीच दिसते, फक्त तिच्या पंखांवर खवले नसतात, केस असतात.

तिसरा निकाल ऑस्ट्रेलियातून, 1919 मध्ये. रॉबिन टिलयार्ड हा केंब्रिजमध्ये गणित शिकून सिडनीला शाळेत शिकवायला गेलेला, तिथे कीटकांच्या नादी लागलेला माणूस. त्याने मायक्रोप्टेरिजिडींची शरीररचना आणि त्यांचं स्थान या एकाच प्रश्नावर निबंध लिहिला. पंखांच्या शिरा, खवल्यांची बनावट, एकेक गोष्ट त्याने कॅडिसफ्लायशी आणि पतंगांशी ताडून बघितली, आणि म्हटलं: हे लेपिडोप्टेराच आहेत. सगळ्यांत जुन्या घडणीचे, पण लेपिडोप्टेरा. पुढे तो न्यूझीलंडला गेल्यावर तिथल्या सबाटिंका या भाऊबंद प्रजातीच्या अळ्या आणि कोषही त्याने अभ्यासले. त्या लिव्हरवर्टवर राहतात. ओल्या दगडांवर हिरवी पानं चिकटवल्यासारखी पसरणारी ही वनस्पती पावसाळ्यात आपल्या घाटांतही भरपूर दिसते.

तीन वर्षं, तीन जाणती माणसं, तीन उत्तरं. मी पहिल्या मसुद्यात इथे लिहिलं होतं, ‘टिलयार्डने कॉमस्टॉकची चूक दाखवली.’ आता ते वाक्य मला पटत नाही. कोणीही चुकीचं बघितलं नव्हतं. कॉमस्टॉकला पंखात जे साम्य दिसलं ते होतंच. चॅपमनला अळीत जे वेगळेपण दिसलं तेही होतंच. जबडे तर कोणालाही दिसत होते. प्रश्न असा होता की साम्य दिसलं म्हणजे नातं सिद्ध झालं का? आणि वेगळेपण दिसलं म्हणजे नातं तुटलं का? या प्रश्नाला उत्तर देण्याची सर्वमान्य रीत 1919 मध्ये कोणाकडेच नव्हती. म्हणून टिलयार्ड बरोबर ‘निघाला’ तरी वाद मिटला नाही. ब्रिस्टलचा हिंटन, अळ्यांच्या रचनेतला दादा माणूस, 1946 मध्ये आणि पुन्हा 1958 मध्ये झ्युग्लोप्टेरा वेगळा गण मानण्याच्या बाजूने उभा राहिला, तेही टिलयार्डचं सगळं वाचून.

ती रीत आली जर्मनीतून. माशांचा अभ्यासक विली हेनिग याने 1950 च्या पुस्तकात एक साधा दंडक घातला. साम्यं दोन प्रकारची असतात. एक, पूर्वजांकडून जसंच्या तसं आलेलं. दुसरं, मधे कुठेतरी नव्याने घडलेलं आणि मग वाटून घेतलेलं. नातं सांगतं ते फक्त दुसरं.

हे मी घरी आईला समजावताना जात्याचं उदाहरण दिलं होतं. गावात दोन घरांत अजून दगडी जातं आहे, म्हणून ती दोन घरं भाऊबंद ठरत नाहीत. जातं एके काळी सगळ्यांकडेच होतं. बाकीच्यांनी टाकलं, यांनी ठेवलं. तसंच, एका भावाने जातं ठेवलं आणि बाकीच्या तिघांनी गिरणीची वाट धरली, म्हणून तो घराण्याबाहेर जात नाही. जबडे हे पतंगांच्या घरातलं जातं आहे (आणि हे पतंग त्यात खरोखरच परागांचं पीठ करतात, उपमा एवढी चपखल क्वचित मिळते). जबडे कीटकांत सर्वत्र आहेत, झुरळापासून भुंग्यापर्यंत. ते राखल्यामुळे मायक्रोप्टेरिजिडी ना लेपिडोप्टेरातून बाहेर जातात, ना कुठल्या दुसऱ्या जबडेवाल्याचे सख्खे होतात. पॅकर्डचं कारण इथे पडतं, निष्कर्ष जवळपास राहिला तरी.

हस्तलिखितांचं काम केलेल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, यात नवीन काय आहे? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 अशी चालली, तिथे पोथ्यांची घराणी लावतानाही हाच विचार होता. दोन पोथ्यांत मूळचा पाठ सारखा आहे, यावरून काही कळत नाही. दोन पोथ्यांत तोच प्रक्षिप्त श्लोक त्याच जागी घुसलाय, किंवा लेखनिकाची तीच चूक आहे, तेव्हा त्या एका घरच्या. मला हे आवडलं. कॉमस्टॉकने मायक्रोप्टेरिजिडी कॅडिसफ्लायकडे नेले ते 1918 मध्ये, आणि पोथ्या जमवायला पुण्यात सुरुवात झाली 1919 मध्ये.

मग लेपिडोप्टेरातला ‘प्रक्षिप्त श्लोक’ कोणता? पंखांवरचे चपटे खवले, हा एक. पुढच्या पायावर आतल्या बाजूला एक लहानशी उपांगासारखी पट्टी असते, पतंग तिच्यातून मिशा ओढून साफ करतात, ती दुसरी. डोक्यावरच्या साध्या डोळ्यांपैकी मधला नाहीसा होणं, ही तिसरी. अशी बारीकसारीक नवी वैशिष्ट्यं कोपनहेगनच्या नील्स पेडर क्रिस्टेन्सनने पुढच्या काही दशकांत जमवली, डोक्याच्या आतल्या सांगाड्यापासून स्नायूंपर्यंत. मायक्रोप्टेरिजिडींत ती सापडतात. म्हणून ते पतंगच. पण सोंड असलेल्या प्रचंड मोठ्या शाखेची जी नवी वैशिष्ट्यं, त्यात त्यांचा वाटा नाही. म्हणून ते वेगळी फांदी. झ्युग्लोप्टेरा हे नाव राहिलं, मात्र गणाचं नाही, लेपिडोप्टेराच्या आतल्या एका उपगणाचं.

इथे ही गोष्ट संपली असती तर माझं प्रकरण वीस पानांत आटपलं असतं.

1952 मध्ये डम्बल्टन नावाच्या अभ्यासकाने पॅसिफिकमधून एक विचित्र पतंग जाहीर केला, अगाथिफागा. कौरी वृक्षाच्या बियांत याची अळी राहते. एक जात क्वीन्सलँडमध्ये, दुसरी फिजी आणि आसपासच्या बेटांवर. पतंगाला जबडे होते, म्हणून डम्बल्टनने निबंधाच्या मथळ्यातच त्याला आमच्या कुळात घातलं. जबडे दिसले, बसवला पंगतीत! 1967 मध्ये क्रिस्टेन्सनने, तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा, त्याला बाहेर काढून अगाथिफागिडी हे नवं कूळ केलं. त्यात आजही दोनच जाती आहेत. या अळ्यांबद्दल एक नोंद मला विसरता येत नाही: ऑस्ट्रेलियात साठवलेल्या कौरीच्या बियांतून बारा वर्षांनी पतंग बाहेर आला. बारा वर्षं एका बीत, न खातापिता. पीएचडी करणाऱ्यांनी यावर मनन करायला हरकत नाही.

आणि मग हेटेरोबाथमिया, जिच्यामुळे मी हे प्रकरण निवडलं. 1979 मध्ये क्रिस्टेन्सन आणि त्याचा सहकारी एबे नील्सन यांनी दक्षिण अमेरिकेतून जबडेवाल्या पतंगांची नवी प्रजाती जाहीर केली. दक्षिणी बीचच्या, म्हणजे नोथोफागसच्या जंगलातली. पतंग तपासून त्यांनी तिला मायक्रोप्टेरिजिडी कुळातलं उपकुळ म्हटलं. लक्षात घ्या, हे लिहिणारी माणसं हेनिगचा दंडक कोळून प्यायलेली होती, जबडे बघून भुलणारी नव्हती. पण अळी त्यांनी बघितलेली नव्हती.

चार वर्षांनी अळी सापडली. ती मातीत नव्हती, लिव्हरवर्टवर नव्हती. ती नोथोफागसच्या पानात बोगदे करत होती. अळीच्या रचनेत जे गुण निघाले ते मायक्रोप्टेरिजिडींशी जुळेनात. सोंडवाल्या मोठ्या शाखेकडे बोट दाखवू लागले. 1983 च्या निबंधाचं शीर्षक मी भिंतीवर लावलंय. त्याचा अर्थ साधारण असा: हेटेरोबाथमियाच्या जीवनक्रमाचा उलगडा झाला असून बाल्यावस्था झ्युग्लोप्टेरातील समावेशाच्या विरोधात जातात. कोणाच्या समावेशाच्या? स्वतःच केलेल्या. लेखक तेच दोघे. ‘पूर्वीच्या लेखकांनी’ वगैरे आडोसा नाही, तळटीपेत कबुली नाही, थेट मथळ्यात. तीन ज्ञात जातींसाठी नवं कूळ उभं राहिलं, हेटेरोबाथमिइडी.

1894 मध्ये चॅपमनने अळी बघून दोन कुळं सोडवली. 1983 मध्ये अळीनेच पुन्हा एक गाठ सोडवली. मधल्या काळात ज्यांना अळी मिळाली नव्हती त्यांना आळशी म्हणणं मात्र अन्यायाचं आहे. एक मिलिमीटरचा जीव, जमिनीत किंवा पानाच्या आत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. कधी जायचं, कुठल्या झाडाखाली बसायचं, हेच माहीत नसतं.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यावर माझा अभ्यास अजून कच्चा आहे. 2018 मध्ये उत्तर जर्मनीतल्या एका खोल विवरातून काढलेल्या, सुमारे वीस कोटी वर्षं जुन्या गाळात पतंगांचे सुटे खवले सापडले. मायक्रोप्टेरिजिडींचे खवले भरीव असतात, सोंडवाल्या पतंगांच्या बहुसंख्य शाखांचे पोकळ. त्या गाळात पोकळ खवले निघाले, म्हणजे सोंडवाले तेव्हाच वेगळे झालेले होते. हे खवले उचलायला एका विद्यार्थ्याने सुईच्या टोकाला नाकातला केस बसवला होता. संशोधनाचं साहित्य घेण्यासाठी अनुदानाचे अर्ज भरताना मला हे आठवतं. 2019 मध्ये दोन हजारांवर जनुकांची तुलना करून सगळ्या गणाचा वंशवृक्ष मांडला गेला, त्यातही जबडेवाली कुळं बुडाशीच आली. पण बुडाशी त्या तीन कुळांच्या फांद्या नेमक्या कुठल्या क्रमाने फुटल्या, विशेषतः अगाथिफागाने कोणाचा हात धरून बसायचं, यावर वेगवेगळ्या विश्लेषणांचं एकमत नाही.

माझ्या दोन पानांचं काय झालं? ती फाडली. त्याऐवजी प्रकरणाच्या सुरुवातीला आता एक तक्ता आहे: डावीकडे वर्ष, मधे लेखक, उजवीकडे त्या लेखकाच्या त्या वर्षीच्या मायक्रोप्टेरिक्सचा आजचा अर्थ. चॅपमनच्या नावाला दोन ओळी लागल्या. कॉमस्टॉकलाही दोन. क्रिस्टेन्सन आणि नील्सनसाठी 1979 आणि 1983. नवा मसुदा मॅडमकडे गेला तेव्हा ‘टिलयार्डने कॉमस्टॉकची चूक दाखवली’ हे वाक्य एका ठिकाणी काढायचं राहून गेलं होतं. त्याच्या समासात आता पेन्सिलीने लिहिलंय: ‘कोणती चूक?’